नीटची तयारी चालू असताना कुठल्या पदवीला प्रवेश घ्यायचा?

ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं लिखित रूप देतोय. बोलण्यातली वाक्यं थोडी सरळ केलीत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी डॉक्टर नाही. मी बीटेक केलेला सॉफ्टवेअर इंजिनिअर, सोनईचा. पण गावात ज्याच्याकडे लॅपटॉप असतो, त्याच्याकडे जून-जुलैत सगळ्यांची पोरं येतात. "दादा, फॉर्म भरून दे." गेली चार-पाच वर्षं मी हे फॉर्म भरतोय. फॉर्म भरणं अवघड नसतं. अवघड असतो तो त्यानंतरचा प्रश्न: "दादा, एमबीबीएसला नंबर नाही लागला. परत नीट देणारे. तोवर बीएस्सीला टाकू, फार्मसीला टाकू का बीएएमएस घेऊन ठेवू?"

आजचा भाग या एका प्रश्नावर.

आधी रीलचा घोळ मिटवू

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी अमेरिकेतल्या मुलांचे 'प्री-मेड' वाले रील बघितलेत. तिकडे बहुतेक सगळे आधी चार वर्षांची पदवी करतात. विषय कुठलाही चालतो, अगदी इतिहाससुद्धा, फक्त जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्राचे ठरलेले कोर्स झालेले पाहिजेत. मग एमकॅट नावाची परीक्षा आणि त्यानंतर चार वर्षांचं एमडी. प्रवेश देताना कॉलेज त्या पदवीचे मार्क बघतं. म्हणजे तिथे पदवी हा प्रवेशाचाच एक भाग आहे.

आपल्याकडे तसं नाही. एमबीबीएसला तुम्ही बारावीनंतर थेट जाता, आणि गुणवत्ता यादी लागते फक्त नीटच्या मार्कांवर. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के आणि राखीव वर्गाला ४० टक्के लागतात, तेवढी पात्रता झाली की पुढे सगळं नीट. तुम्ही बीएस्सीला युनिव्हर्सिटीत पहिले आलात तरी नीटच्या ७२० मध्ये त्याचा एक मार्क वाढत नाही. दोघांचे मार्क सारखे आले तर आधी नीटमधलेच जीवशास्त्राचे मार्क बघतात, पदवी नाही.

ही गोष्ट डोक्यात पक्की बसली की अर्धा गोंधळ संपतो. "कुठली पदवी घेतली तर मेडिकलला उपयोग होईल?" हा प्रश्नच आपल्याकडे चुकीचा आहे. मेडिकलच्या प्रवेशाला कुठल्याच पदवीचा उपयोग नाही. म्हणून ती पदवी स्वतःच्या जिवावर उभी राहणारी पाहिजे.

आपल्या भागातल्या पोरांना हे समजवायला मी उसाचं उदाहरण देतो. आडसाली ऊस दीड वर्ष रानात असतो. तोवर आपण सरीत कांदा किंवा हरभरा घेतो. ते आंतरपीक उसाला मोठं करत नाही. पण ते स्वतःचे पैसे करतं, आणि उसाचं पाणी-खत ओढून घेत नाही. ज्याला भाव नाही आणि जे उसालाही दाबतं, असं आंतरपीक कुणी घेत नाही. पदवी निवडताना मात्र आपण नेमकं तेच करतो.

आकडे एकदा नीट बघा

२०२५ ला नीट दिली सुमारे २२ लाख मुलांनी. त्यातली १२ लाखांहून जास्त 'क्वालिफाय' झाली. आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा? सरकारी, खासगी सगळ्या धरून सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे क्वालिफाय झालेल्या दहातल्या साधारण नऊ जणांना एमबीबीएस मिळतच नाही. घरी पेढे वाटायच्या आधी हे माहीत असलेलं बरं.

दुसरं, मार्कांवर अंदाज बांधू नका, रँकवर बांधा. २०२४ ला सुधारित निकालानंतरही १७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ ला पेपर असा आला की देशात पहिल्या आलेल्याला ६८६. "मागच्या वर्षी इतक्याला लागलं, मला तेवढे पडले" हा हिशेब एका वर्षात कोसळतो.

तिसरं, नीटला आता वयाची वरची मर्यादा नाही, ती २०२२ मध्ये काढली. किती वेळा द्यायची यालाही मर्यादा नाही. बारावीला बायोलॉजी नव्हतं, नंतर जादा विषय म्हणून मान्यताप्राप्त बोर्डातून केलं, तरी राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या निर्णयानुसार चालतं. म्हणजे दार उघडंच आहे. चांगलीच गोष्ट आहे. पण दार उघडं आहे म्हणून उंबऱ्यावर किती वर्षं बसायचं, हे सरकार ठरवून देणार नाही. ते तुम्हाला ठरवायचंय.

आता पर्याय

पहिला, गावातच बीएस्सी. आपल्याकडे मुळा एज्युकेशनचं कॉलेज आहे, घरून चालत जाता येतं. फी परवडते, जेवण घरचं. अभ्यासाला वेळ मिळायची शक्यता इथे सगळ्यात जास्त. पण प्रॅक्टिकल आणि हजेरी असतेच, आणि दुसऱ्या सत्राची परीक्षा बहुतेक वेळा नीटच्या हंगामातच येते. नव्या शैक्षणिक धोरणात एक वर्ष पूर्ण करून सोडलं तर सर्टिफिकेट मिळायची सोय आहे. मात्र "तोवर बीएस्सी" म्हणणाऱ्याने एक विचार करावा: तीन वर्षांनी नुसत्या बीएस्सीवर काय करणार? एमएस्सी, बीएड, एमआयडीसीतली लॅब, स्पर्धा परीक्षा, यातलं एक तरी उत्तर तयार पाहिजे.

दुसरा, बीएस्सी ॲग्री. राहुरीचं कृषी विद्यापीठ शेजारीच, त्यामुळे आपल्याकडे याची क्रेझ आहे. चार वर्षांची पदवी, प्रवेश सीईटीवर. पदवी म्हणून भक्कम, पण शेतावरची प्रॅक्टिकल आणि भरगच्च सत्रं बघता सोबत नीट करणं जवळपास अशक्य. हे घ्यायचं तर शेतीसाठी घ्या.

तिसरा, बी.फार्म आणि नर्सिंग. दोन्ही चार वर्षांच्या. दोन्ही केल्यावर हाताला काम मिळण्याची शक्यता चांगली, आणि दोन्ही आरोग्याच्याच क्षेत्रात. फिजिओथेरपीला आपल्याकडे नीटचाच स्कोअर लागतो. "मला पेशंटसोबत काम करायचंय" असं खरंच वाटत असेल तर नर्सिंग, फिजिओ बघा. "मला औषध कसं काम करतं ते आवडतं" असं असेल तर फार्मसी. आणि "मला फक्त नावापुढे डॉक्टर पाहिजे" असं असेल, तर तेही स्वतःशी कबूल करा. त्यात लाज नाही, फक्त निर्णय वेगळा लागतो.

इथे एक फार महत्त्वाची गोष्ट. फार्मसी आणि ॲग्रीची सीईटी, नर्सिंगची वेगळी सीईटी, यांचे फॉर्म नीटच्या निकालाच्या कितीतरी आधी भरावे लागतात. नीटचा निकाल लागल्यावर पोरं माझ्याकडे येतात आणि म्हणतात, "फार्मसीला टाकू." मी विचारतो, "सीईटी दिली का?" नाही. म्हणजे पर्यायाची गरज कळते तेव्हा त्याचं दार बंद झालेलं असतं. म्हणून आत्ता अकरावी-बारावीत असाल तर नीटबरोबर हे फॉर्मही भराच.

चौथा पर्याय, बीएएमएस किंवा बीएचएमएस. साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप, म्हणजे एमबीबीएसएवढाच काळ. हे "घेऊन ठेवायचं" शिक्षण नाही. बीएएमएसचं पहिलं व्यावसायिक वर्षच अठरा महिन्यांचं आहे, त्यात संस्कृत, रचना शारीर, क्रिया शारीर असे जड विषय. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने बाहेरगावी बीएएमएस घेतलं आणि वर्षभर रूमवर नीटचीच पुस्तकं वाचली. परीक्षेत विषय राहिले आणि नीटही राहिली. तोच मुलगा नंतर म्हणाला, "आयुर्वेद अवघड नव्हता, मी त्याला वेळच दिला नाही." बीएएमएस घ्यायचं तर वैद्य व्हायचं म्हणून घ्या.

मग ठरवायचं कसं?

मी पोरांना तीन प्रश्न कागदावर लिहायला लावतो. कागदावरच, मोबाईलमध्ये नाही.

एक: एमबीबीएस कधीच मिळालं नाही, तर ही पदवी मी पूर्ण करीन का? उत्तर "नाही" असेल तर ती घेऊ नका. त्यापेक्षा सरळ एक वर्ष ड्रॉप घेतलेला बरा, निदान वेळ पूर्ण मिळतो.

दोन: माझ्या दिवसात किती तास उरतात? सोनईहून नगरला कॉलेज असेल तर एसटीने जाण्या-येण्यात दोन-तीन तास गेले. प्रॅक्टिकलचे तास धरा. जे उरतं त्यात नीटचे १८० प्रश्न १८० मिनिटांत सोडवायची तयारी होणार आहे का?

तीन: मधेच सोडलं तर काय जातं? फी किती बुडणार, मूळ टीसी कॉलेजकडे जमा असेल तर परत कधी मिळणार, सीट सोडायची शेवटची तारीख कोणती. हे सगळं त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत असतं. एजंटला विचारू नका, पुस्तिका वाचा.

मुलींच्या घरच्यांसाठी एक जादा ओळ. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि मुलगी आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास किंवा इतर मागास प्रवर्गातली असेल, तर २०२४-२५ पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण प्रवेश केंद्रीभूत फेरीतून झालेला पाहिजे. "मॅनेजमेंटमधून घेऊन टाकू" म्हणण्याआधी हे तपासा. "फी नाही म्हणून पोरीला जवळच टाकू" हे कारण बऱ्याच घरांत आता उरलेलं नाही.

माझ्या मावसबहिणीने हे तीन प्रश्न लिहिले होते. तिला विचारून सांगतोय. घरचे बीएएमएसच्या बाजूने होते. तिने गावात केमिस्ट्रीची बीएस्सी घेतली, कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच "हो" येत होतं. आणि मावशीसमोर सांगितलं, "एकच प्रयत्न अजून. त्यानंतर विषय बंद." तो प्रयत्न झाला. नंबर नाही लागला. दोन दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही. पण तिसऱ्या दिवशी तिला सेकंड इयरची फी भरायची होती, आणि तिने ती भरली. आता एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करतेय. तिने मला एवढंच सांगितलं: "दादा, थांबायची तारीख आधी ठरली होती म्हणून थांबता आलं."

तर मंडळी, पदवी निवडताना सोबत तारीखही निवडा. किती प्रयत्न, कोणत्या वर्षापर्यंत. आई-वडिलांसोबत बसून, निकालाच्या आधी. निकालानंतर सगळेच हळवे असतात, तेव्हा हिशेब होत नाही.

आणि हे सगळं फार जड होत असेल, झोप लागत नसेल, नको नको ते विचार येत असतील, तर १४४१६ वर फोन करा. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

पुढच्या भागात ऑप्शन फॉर्मचा क्रम कसा लावायचा ते बघू. तोवर ते तीन प्रश्न लिहा. भेटू.