छातीतली जळजळ आणि रात्रीची भाकर

(चांदवड येथे प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)

मंडळी, मागच्या खेपेस वर्ग सुटताना एका माउलीने आम्हाला विचारले, "गुरुजी, रात्रीची माझ्या छातीत आग पडते. घशाशी आंबट पाणी येतं. हे पित्त जायचं कसं?" तिच्या मागे चौघीजणी उभ्या होत्या. त्याही म्हणाल्या, "आम्हालाबी तेच होतं." पुरुष मंडळी गप्प होती. पण त्यांच्या खिशातली सोड्याची पुडी काही लपत नाही! म्हणून आजचे बोलणे त्यावरच.

आधीच सांगतो, आम्ही डॉक्टर नव्हे. आम्ही मॅट्रिक झालेले मास्तर. पण या जळजळीने आम्हाला बारा वर्षे छळले. डॉक्टरांनी आम्हाला जे समजावले, ते आम्ही नीट पाठ केले आहे. तेवढेच सांगणार.

शाळेवर होतो तेव्हा सकाळी उठल्याबरोबर चहा. शाळेत गेल्यावर चहा. तपासणीला साहेब आले की चहा, आणि साहेब गेले की सुटलो म्हणून पुन्हा चहा. दुपारचा डबा गार. मग रात्री साडेनऊला पोटभर जेवण. बाजरीची भाकरी, झणझणीत शेवभाजी, ठेचा आणि बुक्कीने फोडलेला कांदा. जेवलो की लगेच आडवे. मध्यरात्री जाग यायची ती घशाशी आंबट पाणी घेऊनच. उठून बसायचे, पाण्यात खायचा सोडा टाकून प्यायचा, मोठी ढेकर द्यायची आणि पुन्हा निजायचे. कोणी म्हणाले मिरची सोडा, मिरची सोडली. कोणी म्हणाले थंड दूध प्या, दूध प्यालो. घटकाभर बरे वाटे, मग पुन्हा तेच.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. वाटले, औषधांची लांबलचक चिठ्ठी देतील. त्यांनी विचारले, "गुरुजी, रात्री किती वाजता जेवता? आणि किती वाजता आडवे होता?" आम्ही म्हणालो, "साडेनऊला जेवतो, दहाला निजतो." ते हसले. म्हणाले, "मग दोष एकट्या मिरचीचा नाही, घड्याळाचाही आहे."

आता हे घड्याळ पोटात कसे शिरले ते बघा.

आपल्याकडे कित्येक विहिरींवर मोटरीच्या नळाला तळाशी फुटवॉल असतो. तो पाणी एकाच बाजूला जाऊ देतो, मागे फिरू देत नाही. तो झिजला की मोटर बंद झाल्यावर पाणी मागे पळते. तसाच एक फुटवॉल आपल्या अंगात आहे. घशापासून जठरापर्यंत अन्न नेणारी एक नळी असते. तिला अन्ननलिका म्हणतात. ती साधारण वीतभर, म्हणजे २५ सेंटिमीटर लांब असते. तिच्या तळाशी स्नायूचे एक कडे असते. घास आला की ते उघडते, घास गेला की मिटते.

खाली जठरात आम्ल असते. संडास धुण्याचे ॲसिड असते ना, त्याच जातीचे, पण पुष्कळ पातळ. ते वाईट नाही बरे का! ते अन्न पचवते, अन्नाबरोबर आलेले जंतू मारते. जठराला आतून बुळबुळीत लेप असतो, म्हणून जठर भाजत नाही. अन्ननलिकेला तसा जाड लेप नाही. कडे ढिले पडले की आम्ल वर चढते आणि तिथे आग पडते. आपण याला ‘पित्त’ म्हणतो. पण डॉक्टर ज्याला पित्त म्हणतात तो यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा रस, तो निराळा. ते असो. आम्ल आपली जागा सोडून वर येते, हे दुखण्याचे मूळ आहे.

हे आम्ल माणसाला कळले कसे, त्याची गोष्ट मोठी नवलाची आहे. १८२२ साली अमेरिकेत सेंट मार्टिन नावाच्या एका तरुण मजुराच्या पोटात बंदुकीचा बार घुसला. बोमाँट नावाच्या डॉक्टरांनी त्याला वाचवले. जखम भरली, पण पोटाला एक भोक कायमचे राहिले. त्यातून थेट जठरात दिसे! डॉक्टर रेशमी दोऱ्याला मांसाचा तुकडा बांधून आत सोडत, काही वेळाने ओढून किती विरघळला ते पाहत. जठरातला रस काचेच्या बाटलीत काढून त्यातही अन्न विरघळवून पाहिले. हा मजूर रागावलेला असला की पचन बिघडते, हेही त्यांनी टिपून ठेवले. बिचारा रागावणार नाही तर काय करील? पण तो डॉक्टरांच्याही मागे २७ वर्षे जगला.

आता आपल्या घराकडे या. काठोकाठ भरलेला हंडा उभा आहे तोवर पाणी सांडत नाही. तोच आडवा केला तर? पोट तुडुंब भरून लगेच निजणे म्हणजे भरला हंडा आडवा करणे. म्हणून जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर हवे. जुनी माणसे जेवणानंतर शतपावली करीत, ती उगाच नव्हे.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, तुम्हाला पेन्शन आहे. आम्हाला तीन तास कोण देतो?" खरे आहे. कांद्याला पाणी भरायचे तर वीज कधी दिवसा, कधी रात्री. लिलावाला जायचे तर रात्री उशिरापर्यंत गाडी भरायची. मग अकराला घरी यायचे, चार भाकरी खायच्या आणि पडायचे. याला एक तोड आहे. रानात जायच्या आधी, सात-साडेसातलाच जेवून घ्या. परत आल्यावर भूक लागली तर थोडेसे खा, पोटभर नको.

बायांचे दुखणे याहून वेगळे आहे, आणि त्यात आम्हा पुरुषांचा हात आहे. बाई सगळ्यांच्या मागून जेवते. दिवसभर चहावर काढते. दहाला उरलेसुरले खाते, भांडी घासते आणि पाठ टेकते. मग छातीत आग पडणार नाही तर काय? आमच्या घरीही हेच चालले होते. डॉक्टरांनी आम्हाला वेळ बदलायला सांगितली, तेव्हा घरातून आवाज आला, "अहो, मलाही होतं ते. कधी सांगितलं नाही इतकंच." आम्हाला खाली बघावे लागले. तेव्हापासून आम्ही दोघे एकाच वेळी, दिवेलागणीनंतर लगेच जेवतो.

गरोदर बाईला ही जळजळ फार होते. पोटातले मूल जठराला वर रेटते आणि कडेही सैल पडते. तिने थोडे थोडे, पण अधिक वेळा खावे. मनाने गोळी घेऊ नये, नर्सताईंना विचारावे.

डॉक्टरांनी दुसरा उपाय सांगितला तो विटांचा. बाजेच्या किंवा पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखाली दोन-दोन विटा नीट बसवा, हलणार नाहीत अशा. उशाकडची बाजू वीतभराला थोडी कमी अशी उंच झाली पाहिजे. मग आम्लाला चढण लागते. नुसत्या दोन उशा घेऊन भागत नाही. मान वाकते, पोट दुमडते आणि उलट त्रास वाढतो. भुईवर निजणाऱ्यांनी अंथरुणाखाली कमरेपासून वरपर्यंत गोधड्यांचा उतार करावा. निजताना डावी कूस धरावी. डाव्या कुशीवर जठर खाली राहते आणि अन्ननलिकेचे तोंड वर राहते. दुपारच्या विश्रांतीला जुने लोक ‘वामकुक्षी’ म्हणत. वाम म्हणजे डावा. शब्दातच उपाय आहे! मात्र घास गिळल्याबरोबर आडवे होऊ नये.

काय खावे आणि काय नको, याची यादी आम्ही देत नाही. एकाला ठेचा पचतो, दुसऱ्याला साध्या टोमॅटोने जळजळते. तळलेले, तेलकट पदार्थ जठरात फार वेळ राहतात, ते बहुतेकांना बाधतात. कच्चा कांदाही पुष्कळांना बाधतो. कांद्याच्या गावात हे बोलायचे म्हणजे धाडसच, पण बाधतो. आता तुम्हाला लिहिता येते. आठ दिवस वहीत लिहा, काय खाल्ले आणि कधी जळजळले. तुमचा चोर तुम्हालाच सापडेल. नवरात्रात आपल्या रेणुकामातेचे उपवास असतात. पोट रिकामे, वर दिवसभर चहा, आणि संध्याकाळी साबुदाण्याचे वडे! देवीने काही हे सांगितलेले नाही. उपवासाला भगर चालते, ताक चालते, केळे चालते.

तंबाखू आणि दारू ते कडे ढिले करतात. मिशरीही तंबाखूच, हे आयाबहिणींनी विसरू नये. नाडी आणि पट्टा फार आवळू नका. पोट सुटले असेल तर ते कमी करा. भरल्या पोटी लगेच खुरपायला वाकू नका. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून आणून रोज खाऊ नका, त्यांनी जठराला जखमा होतात.

इतके करूनही जळजळ राहिली तर डॉक्टर आम्ल कमी करणारी गोळी देतात. बहुधा ती सकाळी खाण्याआधी अर्धा तास घ्यायची असते, ठरवून दिलेले दिवस. वर्षानुवर्षे स्वतःच्या मनाने चालू ठेवायची नसते.

राहिला सोडा. सोडा आम्लाला मारतो हे खरे. पण मारताना वायू होतो, पोट फुगते, आणि आम्लाला वर यायला आणखी रेटा मिळतो. शिवाय सोड्यात मिठासारखाच सोडियमचा अंश असतो, तो रक्तदाबवाल्याला वाईट. पण आम्ही सोड्याला घाबरतो त्याचे कारण वेगळे आहे.

आमचे एक शेजारी होते. वय पन्नाशीचे. एके दिवशी पहाटे कांद्याची गाडी भरून आमच्या ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, "गुरुजी, पित्त फार झालंय. छाती भरून आली." कपाळावर घाम होता. आम्ही म्हटले, रात्रभर ओझी उचलली, घाम येणारच. सोडा आम्हीच कालवून दिला. त्यांना ढेकर आली. म्हणाले, "आता बरं वाटतं." उठून घरी गेले. तासाभराने डावा हात दुखतो म्हणू लागले. गाडी मिळवून नाशिकची वाट धरली. इथून नाशिक साठ-पासष्ट किलोमीटर. ते पोहोचले नाहीत. ते पित्त नव्हते, तो हृदयाचा झटका होता. तो पेला अजून आमच्या घरात आहे. त्यातून आम्ही पाणी पीत नाही.

म्हणून नीट ऐका. छातीवर दगड ठेवल्यासारखे दडपण आले, कळ हातात, मानेत, जबड्यात किंवा पाठीत गेली, घाम फुटला, दम लागला, तर तिथे सोडा नको, ढेकरेची वाट बघणे नको. बायांना आणि मधुमेहाच्या रोग्यांना कधी कळ येतही नाही. नुसती मळमळ, धाप आणि एकाएकी गळून जाणे एवढेच होते. ढेकर येऊन बरे वाटले तरी फसू नका. त्या क्षणी दवाखाना गाठायचा. रोग्याला चालवायचे नाही, एकट्याने गाडीवर पाठवायचे नाही.

दुसरी लक्षणे इतक्या घाईने मारत नाहीत, पण त्यांनाही दाखवावेच लागते. घास छातीत अडकतो, वजन आपोआप उतरते, तोंडावाटे रक्त पडते, किंवा शौचाला डांबरासारखे काळे होते. रक्त पडले किंवा शौचाला काळे झाले, तर त्याच दिवशी दवाखान्यात जावे.

आता पाट्या काढा. एक, शून्य, आठ. असे लिहा: १०८. हा सरकारी रुग्णवाहिकेचा नंबर आहे. आपल्या राज्यात ती २०१४ पासून चालू आहे, पैसे पडत नाहीत. फोन लावला की गावाचे नाव, जवळची खूण आणि रोग्याला काय होते ते सांगायचे. घरी गेल्यावर चुलीच्या वरच्या भिंतीवर कोळशाने किंवा खडूने हे तीन आकडे मोठे काढून ठेवा. ज्यांना आठ उलटा येतो त्यांनी थांबावे, आम्ही हात धरून गिरवून घेऊ.