दोष कबुतराचा की कोरड्या झाडूचा?

मंडळी, बुरशी म्हणजे काय, तिचे बीजाणू डोळ्यांना का दिसत नाहीत, हे सगळं शाळेत झालेलं आहे. त्यात वेळ घालवत नाही. मुंबईतल्या दादरच्या कबुतरखान्याचंही तसंच. ऑगस्ट २०२५ मध्ये कबुतरांना दाणे टाकणं थांबवायला महापालिकेने त्यावर ताडपत्री घातली, लोकांनी ती फाडली, आणि आपण इथे रायपुरात बसून दोन्ही बाजूंनी कडाकडा भांडलो. माझं म्हणणं एवढंच, की त्या भांडणात खरा आरोपी पुढे आलाच नाही. तो आपल्या घरी दाराआड उभा असतो. कोरडा झाडू! (हशा) हसा, पण पुरावा ऐका. १९५५ साली अमेरिकेत चेस्टर एमन्स यांनी कबुतरांच्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस ही बुरशी असल्याचं दाखवलं. माणसात ती मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकते. कबुतराला सहसा काही होत नाही, कारण त्याच्या अंगातली बेचाळीस अंशांच्या आसपासची ऊब तिला सोसत नाही. शीट वाळली की बुरशीच्या पेशी आक्रसतात, इतक्या की श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या तळाशी पोचाव्यात. पण पडल्या जागेवरून त्या आपण होऊन उठत नाहीत. त्यांना कोणीतरी उठवावं लागतं.

इथे कोणी म्हणेल, अहो, कबुतरांमुळे होणारा फुप्फुसाचा आजार बऱ्याचदा बुरशीचा नसतोच, पक्ष्याच्या प्रथिनांची ती अॅलर्जी असते. मान्य. पण ती प्रथिनंही धुळीतूनच नाकात जातात, तेव्हा झाडू सुटत नाही. आणि अशी अॅलर्जी फक्त कबुतरामुळे होत नाही, म्हणून आता कूलरबद्दल दोनच वाक्यं. आपल्याकडे फुप्फुसं घट्ट करणाऱ्या आजारांची जी देशव्यापी नोंद २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात १,०८४ रुग्ण होते. त्यांतल्या ४७ टक्क्यांहून अधिक जणांना अशा अॅलर्जीचा आजार निघाला आणि त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा संबंध कूलरशी होता. एप्रिल लागला की रायपुरात काय होतं? खिडकीतला कूलर उघडतो. टपावर कबुतराचं घरटं, आत गेल्या सालची काळी पडलेली खस, टाकीच्या तळाला वाळलेला गाळ. ती खस आपण गॅलरीच्या कठड्यावर आपटतो, शीट खराट्याने खरवडतो आणि हवा येते का बघायला आधी पंखाच लावतो! (मागून आवाज : “मग ओल वाईट की कोरडं?”) प्रश्न रास्त आहे. बुरशी ओलीत वाढते आणि वाऱ्यावर फिरते. म्हणून वापरात नसताना कूलर कोरडा हवा आणि साफ करताना ओला. दोन वाक्यं म्हणालो होतो, ती कधीच संपली.

मोठा आक्षेप राहिलाच : पिढ्यान्‌पिढ्या गोठे झाडले, कोणाला काय झालं? बहुतेकांना खरंच काही झालं नाही. बीजाणू आपण रोज ओढतो आणि शरीर ते निस्तरतं. पण २०२१ आठवा. म्युकर बुरशीचे बीजाणू मातीत, कुजक्या पाल्यात आधीही होतेच. कोविड, बेताल साखर आणि स्टेरॉइड एकत्र आले, तेव्हा तेच बीजाणू लोकांचे डोळे घेऊन गेले. धोका बीजाणूंचा जितका, तितकाच ते ओढणाऱ्या शरीराचा आणि एका वेळी किती ओढले याचा. म्हणजे मी कबुतरांचा वकील झालो असं नाही. दाट वस्तीत पोत्यांनी दाणे टाकू नयेत, हे माझंही मत आहे. फक्त दादरला ताडपत्री पडल्याने आपली गॅलरी साफ होत नाही.

अध्यक्षांचा हात घंटेकडे गेलाय. वटवाघळांच्या गुहांतली हिस्टोप्लाझ्मा ही बुरशी राहिली, ती राहू द्या. साठलेल्या शिटेवर आधी पाणी शिंपडा, चांगली भिजू द्या, मग पुसून घ्या; तोंडावर रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क लावा. जुनी खस ओली करूनच पिशवीत भरा. आणि घरात ज्याचं मूत्रपिंड बदललंय, ज्याला स्टेरॉइड चालू आहे, त्याला हे काम सांगू नका. तेवढा वेळ त्याला दुसऱ्या खोलीत बसवा. बाकीचे प्रश्न बाहेर चहावर घेऊ.