चालणे, बोलणे आणि ऊसतोडीचा हंगाम

(सोलापुरात नाताळपूर्व कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



पाळकसाहेबांनी मला 'लहान लेकराची वाढ आणि सणाचे घर' हा विषय दिला आहे. पारधी वस्तीवरच्या बालवाडीत मी बरीच वर्षे काम करते. त्यामुळे पुस्तकातले थोडे आणि पाहिलेले जास्त, असे बोलेन.

नाताळात घरी पाहुणे येतात. वर्षा-दीड वर्षाचे लेकरू असले की सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. कोणी आत्या म्हणते, "आमचा तर नवव्या महिन्यातच चालायला लागला होता." आई करंज्या तळता तळता ते ऐकते आणि मनात खट्टू होते. त्या आईला मी आधी सांगते, बाई, घाबरू नको. कोणी दहाव्या महिन्यात पाऊल टाकते, कोणी सतराव्या महिन्यात, आणि दोन्ही लेकरे धडधाकट असतात.

साधारण हिशोब असा धरावा. दोन महिन्यांचे बाळ आपल्याकडे पाहून हसते. चौथ्या महिन्याच्या सुमारास मान धरते. सहा ते नऊ महिन्यांत आधाराशिवाय बसते. वर्षाच्या आसपास धरून उभे राहते, चिमटीने दाणा उचलते, एखादा अर्थाचा शब्द बोलते. दीड वर्षापर्यंत चालते आणि हवी ती वस्तू बोटाने दाखवते. दोन वर्षांचे झाले की "आई पाणी" असे दोन शब्द जोडते.

पण काही खुणा दिसल्या तर "बोलेल हळूहळू, त्याचा बापही उशिराच बोलला" असे म्हणून थांबू नये. दीड वर्ष झाले तरी चालत नाही, नावाने हाक मारली तर वळत नाही, दोन वर्षांनंतरही दोन शब्द जोडत नाही, किंवा येत असलेली गोष्ट विसरायला लागले, तर लगेच दाखवावे. माता-बाल संरक्षण कार्डात या खुणा चित्रांसह दिलेल्या असतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत येऊन मुले तपासते, आणि पुढचे उपचारही मोफत असतात.

आता सणाच्या घराविषयी. आपल्या सोलापुरात शेंगदाण्याशिवाय पान हलत नाही, पण चार-पाच वर्षांखालच्या मुलाच्या हाती अख्खा शेंगदाणा देऊ नका. तो श्वासनळीत अडकतो. कूट करून द्या. पाण्याची बादली झाकून ठेवा. आत बसवून फिरवायचा वॉकर भेट म्हणून आणू नका. त्याने मूल लवकर चालत नाही, उलट अपघात होतात. कॅनडाने 2004 साली त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. आपला जुना लाकडी पांगुळगाडा बरा, कारण मूल त्याला धरून स्वतःच्या पायावर उभे राहते. आणि रात्रीच्या आराधनेत लेकरू रडले तर आईकडे वळून पाहू नका. त्याची झोपेची वेळ झालेली असते.

बालवाडी आपल्या मंडळींना नवी नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकन मराठी मिशनच्या काळात सोलापुरात बालवाडी होती, शिक्षिकाही तयार होत. पुढे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला, आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांसाठी हे काम केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात न्यावी, ही त्यांची शिकवण.

आमच्या वस्तीवर पहिली अडचण भाषेची. घरात पारधी बोलतात, गुजरातीला जवळची. लेकरू अंगणवाडीत मराठी ऐकून गप्प बसते आणि त्याच्यावर 'मंद' असा शिक्का बसतो. आपण सोलापूरकर मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू ऐकत वाढलो. दोन भाषांनी मूल मागे पडत नाही. शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांचे मिळून मोजावेत. म्हणून मी आधी आजीला विचारते, "घरात काय काय बोलतो?"

दुसरी अडचण हंगामाची. दसरा-दिवाळी झाली की काही कुटुंबे ऊसतोडीला जातात, ती मार्च-एप्रिलमध्येच परततात. ज्या महिन्यांत मूल चालू-बोलू लागते तेच महिने ते फडावरच्या कोपीत काढते. पहाटे आई-बाप फडात, आणि सात-आठ वर्षांची बहीण त्याला सांभाळते.

गेल्या वर्षी वीस महिन्यांची एक मुलगी होती. तोंडाकडे पाहून हसायची, पण मागून वाटी वाजवली तर वळायची नाही. कान वाहत होता. तपासणीची तारीख मिळाली, ती निघण्याच्या दुसऱ्या दिवसाची. आई म्हणाली, "ताई, उचल घेतलीय. मुकादम थांबत नाही." नवरा-बायको मिळून एक कोयता, एक मागे राहिला तर मजुरी निम्मी. रात्री घरात बरीच बोलाचाली झाली. शेवटी बाप लेकीसाठी थांबला आणि आई दिरासोबत पुढे गेली. कानाच्या पडद्यामागे पाणी साठले होते. औषध सुरू झाले, आणि चार दिवसांनी बापलेक फडावर पोहोचले. या दिवाळीत ती मुलगी दोन शब्द जोडून बोलत होती, पारधीतच. पण कान पुन्हा वाहू लागला आहे, फेरतपासणी जानेवारीत आहे आणि कुटुंब आज फडावर आहे.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. आपल्या गावाजवळ कोप्या पडल्या असतील तर नाताळात केक घेऊन जाच, पण लहान मुले किती आहेत तेही विचारा आणि जवळच्या अंगणवाडीताईला कळवा. स्थलांतरित मुलाचे नाव तिथे नोंदवता येते, आहारही मिळतो. दुसरी, एखाद्या बापाला तपासणीसाठी थांबावे लागले तर त्याची दोन दिवसांची मजुरी आणि गाडीभाडे मंडळीने उचलावे. तिसरी, जानेवारीत त्या मुलीला फडावरून आणून परत पोहोचवायला एक माणूस आणि एक गाडी हवी. गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीआधी हे काम उरकायचे आहे. ज्यांना जमेल त्यांनी सभा संपल्यावर मला भेटावे.

आपण ज्याचा जन्म साजरा करतो, त्याचे आई-बापही त्या रात्री प्रवासातच होते. देव आपणा सर्वांच्या लेकरांना राखो.