चिमुकली नाणी
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



मला माझ्या छंदाविषयी बोलायला सांगितले आहे. जरा संकोच वाटतो, कारण माझा सारा छंद दोन-चार काडेपेट्यांत मावतो. देशोदेशीची लहानात लहान नाणी मी जमवतो.

इथे बसलेल्यांपैकी पुष्कळांच्या घरी कोणी ना कोणी जहाजावर असेल. माझे अब्बा खलाशी होते. त्यांना लिहितावाचता येत नव्हते, पण प्रत्येक बंदरातून एखादे नाणे ते आठवणीने आणीत आणि बिस्किटाच्या डब्यात टाकीत. त्या डब्यात कोचीनहून आणलेला सोन्याचा एक फनम होता. मसुरीच्या दाण्याहून थोडा मोठा. एका अंगाला बारीक ठिपके, दुसऱ्या अंगाला कसलीशी वळणदार आकृती.

मी मॅट्रिकला होतो तेव्हा परीक्षेचा फॉर्म भरायचा दिवस आला आणि घरात पैसे नव्हते. अब्बांची मनीऑर्डर आली नव्हती. मी कोणाला न विचारता तो फनम सराफाकडे नेला. त्याने काट्यात टाकला, तीन गुंजा भरला. तीन गुंजांचे पैसे घेऊन मी फॉर्म भरला. सराफाने फसवले असे मी म्हणणार नाही, त्याने सोन्याचा भाव दिला. तो फनम शेकडो वर्षे मलबारच्या बाजारात मिरी आणि तांदूळ घेत फिरला असेल, हे ना त्याला माहीत होते ना मला.

त्याविषयी पुढे सांगतो. आधी एक प्रश्न. इतकी लहान नाणी पाडायचीच कशाला?

आज नाण्यावर जो आकडा छापलेला असतो ती त्याची किंमत. पूर्वी तसे नव्हते. नाण्यात जेवढी चांदी, तेवढी त्याची किंमत. मग मूठभर भाजी घ्यायची असेल तर चांदीचा कणच द्यावा लागणार! जिथे तांब्याचे नाणे चालत होते तिथे ही अडचण नव्हती. जिथे चालत नव्हते तिथे चांदी बारीक करीत गेले.

याची कमाल नेपाळात झाली. काठमांडूचा राजा जयप्रकाश मल्ल याच्या काळात, सुमारे १७४० साली, चांदीचा ‘जावा’ चालत असे आणि त्याचाही चौथा हिस्सा होता. हा पाव जावा लांबीरुंदीला दोन-दोन मिलिमीटर आणि वजनाला ०.००२ ग्रॅम. म्हणजे एका ग्रॅमला पाचशे! जगातले सर्वांत लहान नाणे म्हणून त्याची नोंद आहे. माझ्याजवळ तो नाही. असता तरी शिंकेच्या भीतीने मी डबी उघडली नसती.

त्रावणकोरात चांदीचे ‘चक्रम’ होते, एका सरकारी रुपयाला अठ्ठावीस. ते अर्ध्या ग्रॅमचेही नसे. खजिन्यात अशी हजारो नाणी मोजायची कशी? त्यांनी लाकडाची पाटी केली, तिला नाण्याच्या मापाचे खळगे कोरले. वर ओंजळभर चक्रम टाकायचे, पाटी हलवायची. प्रत्येक खळग्यात एकेक नाणे बसते, उरलेली हाताने झाडून टाकायची. मोजणी झाली! गणिताच्या मास्तरांनी दाद द्यावी अशी ही युक्ती आहे.

टिपू सुलतानची नाणी मात्र मला सर्वांत प्रिय. त्याने नाण्यांना नुसती किंमत दिली नाही, नावे दिली. दोन रुपयांचे नाणे ‘हैदरी’, रुपया ‘इमामी’, अर्धा ‘आबिदी’, पावली ‘बाकिरी’, मग ‘जाफरी’, ‘काझिमी’ आणि शेवटी रुपयाचा बत्तिसावा भाग ‘खिझरी’. बोटाच्या पेरावर ठेवली तर हरवेल एवढी ती खिझरी, पण नाव ख्वाजा खिझर यांचे. तांब्याच्या नाण्यांना ग्रहताऱ्यांची नावे होती: पैसा ‘जोहरा’ म्हणजे शुक्र, अधेला ‘बहराम’ म्हणजे मंगळ, सर्वांत लहान ‘कुत्ब’ म्हणजे ध्रुव. भाजीवालीच्या पदरात ध्रुवतारा बांधलेला! ही अक्षरे वाचता यावीत म्हणून वयाच्या चाळिशीत मी फारसी लिपी गिरवायला बसलो.

सगळीच लहान नाणी अशी हौसेची नसतात. तुर्कस्तानात उस्मानी सुलतानांचे ‘आक्चे’ हे चांदीचे नाणे होते. १५६६ साली ते ०.६८ ग्रॅमचे होते, १५८६ च्या सुमारास ०.३८ वर आले. नाव तेच, पगाराचा आकडा तोच, चांदी मात्र जवळजवळ निम्मी. १५८९ साली इस्तंबूलच्या शिपायांनी असा पगार घेण्यास नकार दिला आणि तिसऱ्या मुरादच्या राजवाड्यावर चालून गेले. सुलतानाला आपल्या दोन बड्या अधिकाऱ्यांची मुंडकी त्यांना द्यावी लागली. माझ्याजवळचा आक्चे कागदासारखा पातळ आहे. तो हातात घेतला की मला त्या शिपायाच्या घरची चूल आठवते.

पनामाने १९०४ साली अडीच सेंतेसिमोंचे दहा मिलिमीटरचे नाणे काढले. लोक त्याला औषधाची गोळी म्हणू लागले. गिळले गेले तर दोष कोणाचा?

आता त्या फनमविषयी. अब्बा पुढच्या खेपेला घरी आले, रात्री डबा उघडून बसले. एकेक नाणे काढून चटईवर ठेवले, परत डब्यात भरले. मी भिंतीला टेकून उभा होतो. त्यांनी वर न पाहता विचारले, “फॉर्म भरलास ना?” मी हो म्हटले. त्यांनी झाकण लावले. त्यानंतर हा विषय आमच्यात कधी निघाला नाही.

पुढे मी तसाच दुसरा फनम मिळवला. तो काही फारसा दुर्मिळ नाही. पण अब्बा तोवर राहिले नव्हते.

समारंभानंतर डबा बाहेर टेबलावर ठेवतो. मुलांनी नाणी जरूर हातात घ्यावीत, फक्त पंखा बंद असू द्यावा. शंभर खळग्यांची एक पाटीही मी सुताराकडून करवून आणली आहे. चक्रम तेवढे नाहीत, साबुदाण्यावर भागवू. खुदा हाफिज.