पितळेचा छुपा शत्रु

सणाच्या आदल्या दिवशीं चिंचेनें घासलेलीं पितळेचीं भांडीं घरोघरीं उन्हांत मांडलेलीं दिसत. झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी पुन्हां भरूं पाहणाऱ्या नेमबाजापुढेंही गृहिणीचाच प्रश्न असतो, हें ऐकून श्रोत्यांस नवल वाटेल. तो प्रश्न असा: पितळ उजळावें कशानें?

पुंगळीच्या पितळेंत शेंकडा ७० भाग तांबें व ३० भाग जस्त असतें. पितळेची चकती ठशांतून वारंवार ओढून तिला नळीचा आकार देतात. या ओढाताणीनें धातु कठीण होतो आणि त्याच्या अंगीं एक अदृश्य ताण दडून राहतो.

हें पितळ उघडें पडलें तें हिंदुस्थानांतच. ब्रिटिश अमदानींत पावसाळ्यांत लष्करी हालचाली थंडावत, आणि काडतुसें घोड्यांच्या पागेंत ठेवीत. पावसाळा सरल्यावर पाहावें, तों न झाडलेल्या काडतुसांनाही चिरा पडलेल्या! या विकाराला इंग्रजींत ‘सीझन क्रॅकिंग’ हें नांव रूढ झालें. १९२१ सालीं मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या संशोधकांनीं त्याचा उलगडा केला. घोड्यांच्या मूत्रापासून अमोनिया वायु निघे. दमट हवेंत तो ताणलेल्या पितळेच्या कणाकणांमधील सांधे पोखरी. ताण व अमोनिया यांची गांठ पडली, कीं पितळ तडकलेंच. सुमारें २५० ते ३०० अंश सेंटिग्रेडपर्यंत बेतानें तापविल्यास हा ताण सैल होतो, असें आढळून आलें.

तडकलेली पुंगळी ही क्षुल्लक बाब नव्हे. बार उडतांना तिच्यांतून तप्त वायु मागें उसळला, तर नेमबाजाच्या डोळ्यांवरच बेततें.

म्हणून जाणता नेमबाज अमोनिया असलेला उजाळा पुंगळीस लावीत नाहीं. जुनी टोपी काढून तो पुंगळ्या सायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणांत थोडाच वेळ ठेवतो. हें आम्ल लिंबांतलें. चिंचेंतलें टार्टरिक आम्लही त्याच गुणाचें. काळवंडलेला थर त्यांत विरघळतो. मात्र वेळ फार झाला, तर जस्त निघून जाऊन पितळ तांबूस दिसूं लागतें. पुढें स्वच्छ पाण्यानें धुऊन पुंगळ्या पूर्ण कोरड्या करावयाच्या. वारंवार वापरानें ताठरलेलें तोंड तापवून मऊ करतात. बूड मात्र तापूं देत नाहींत, कारण बाराचा दाब सोसण्यास तें कठीणच हवें. अखेरीस एकेक पुंगळी उजेडांत फिरवून पाहावयाची. केसाएवढी चीर दिसली, तरी ती पुंगळी, कितीही झळकत असो, मोडींत टाकावयाची.

बाजारांतील पितळेच्या कांहीं उजाळ्यांत आजही अमोनिया असतो. त्यांनीं येणारी झळाळी डोळ्यांना सुखविते. पितळेच्या आंत काय चाललें आहे, तें ती सांगत नाहीं. चिंचेची बोटी हातीं घेणाऱ्या आजीला रसायनशास्त्र ठाऊक नव्हतें. तिची निवड मात्र त्या शास्त्राला धरूनच होती.