वर्गातला दुसरा शिक्षक
(विद्यार्थी मार्गदर्शनासाठी दिलेले भाषण)



परदेशी जाणे आपल्या कोकणातल्या घरांना नवे नाही. आफ्रिकेची आणि आखाताची वाट आपल्या वडीलधाऱ्यांनी केव्हाच मळवून ठेवली आहे. आज मी एका निराळ्या वाटेविषयी बोलणार आहे. परदेशातील शाळेत इंग्रजीचा साहाय्यक शिक्षक म्हणून जाणाऱ्याने सुरुवात कशी करावी, हा माझा विषय. उदाहरण जपानचे घेतो.

जपान सरकारने १९८७ साली ‘जेट’ नावाची योजना सुरू केली. पहिल्या वर्षी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या ४ देशांतून ८४८ तरुण गेले. पुढे देशांची यादी वाढत गेली. उमेदवार पदवीधर लागतो. करार १ वर्षाचा असतो आणि तो जास्तीत जास्त ५ वर्षांपर्यंत वाढू शकतो. अर्ज जपानी वकिलातीमार्फत होतात; इच्छुकांनी त्या त्या वर्षीच्या सूचना नीट वाचाव्यात.

पुष्कळांची समजूत अशी की, आपल्याला इंग्रजी फाडफाड बोलता येते, एवढे पुरे. मित्रांनो, तेवढे पुरत नाही. वर्गाची जबाबदारी जपानी शिक्षकाची असते. पाठ्यपुस्तक, परीक्षा, शिस्त हे सारे त्याच्याकडे. साहाय्यक हा वर्गातला दुसरा शिक्षक होय. त्याने सारा तास स्वतःच बोलून काढला, तर मुले गप्प बसतात. तो नुसता पाठ वाचून दाखवीत उभा राहिला, तर त्याच्यात आणि टेपरेकॉर्डरमध्ये फरक उरत नाही. त्याचे खरे काम एकच: चुकण्याच्या भीतीने मिटलेले मुलाचे तोंड उघडणे.

ही भीती समजण्यासाठी त्यांची भाषा थोडी जाणली पाहिजे. जपानीत ‘न’सारखा अपवाद सोडला तर बहुतेक अक्षरे स्वरान्त असतात आणि ‘र’ व ‘ल’ असा भेद नाही. म्हणून ‘मिल्क’चे ‘मिरुकु’ होते. याला हसू नये. आपण मराठी माणसेही ‘वेस्ट’ म्हणताना पश्चिम दिशा आणि अंगातली बंडी यांचा उच्चार एकच करतो. जायच्या आधी आपले उच्चार तपासावेत, आणि स्वतःला किती सायास पडले ते वर्गात लक्षात ठेवावे. जो स्वतः परकी भाषा शिकला आहे, त्याला शिकणाऱ्याची अडचण लवकर कळते. हे आपले भांडवल आहे.

नवे साहाय्यक बहुधा उन्हाळ्याच्या सुट्टीत पोहोचतात. शाळा बंद असते, शिक्षकांच्या खोलीत फारसे कोणी नसते, आणि घरची आठवण तेव्हाच जास्त येते. हे दिवस वाया घालवू नयेत. पाठ्यपुस्तके वाचावीत. सहकाऱ्यांची नावे पाठ करावीत. हिरागाना आणि काताकाना या दोन लिपींची ४६-४६ मूळ अक्षरे गिरवावीत. पहिल्या तासाला स्वतःची ओळख करून द्यावी लागते, आणि ती वर्गावर्गातून पुन्हा पुन्हा. त्यासाठी घरचे फोटो, नाणी, आपल्या गावचा नकाशा जवळ ठेवावा.

तेथील रिवाजही पाळावेत. शाळेत शिरताना बाहेरचे जोडे काढून आतले घालतात. मुले आपला वर्ग स्वतः झाडतात. आपणही हाती फडके घ्यावे. दुपारचे जेवण बऱ्याच शाळांत सर्वांना एकच असते. आपण काय खात नाही, हे पहिल्याच दिवशी अदबीने सांगावे आणि डबा न्यायची परवानगी मागावी. उगाच संकोच करून उपाशी राहू नये. तास सुरू होण्याआधी पाच मिनिटे मुख्य शिक्षकाला विचारावे, “आज माझ्याकडून काय हवे?” या एका प्रश्नाने पुष्कळ गैरसमज टळतात.

शेवटी संस्थाचालकांना एक विनंती. या कामाची तालीम इथेच देता येईल. आपल्या महाविद्यालयीन मुलामुलींना आठवड्यातून एक तास आपल्याच शाळांच्या पाचवी-सहावीच्या वर्गात, तेथील शिक्षकांच्या हाताखाली, इंग्रजी बोलून घ्यायला पाठवा. त्यातला एखादाच परदेशी जाईल. पण मागच्या बाकावरचे जे मूल वर्षभर इंग्रजीत एक अक्षर बोलत नाही, ते बोलू लागेल. तेवढा लाभही थोडा नाही.