हसावे की संतापावे? : एका चित्रपटाविषयी कामकऱ्यांची मते



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे तो किमान वेतन, बोनस आणि भविष्यनिर्वाह निधी यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. ती काही अगदीच निराधार नाही. परंतु आज आम्ही एका चित्रपटाविषयी, आणि खरे म्हणजे तो पाहणाऱ्या माणसांच्या मतांविषयी बोलणार आहोत. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात, मोर्च्यात आणि अशाच व्याख्यानमालांच्या मागच्या रांगेत बसून झाले. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती प्रथा पुढे गावोगाव गेली, आणि तिच्या पुण्याईवर आमच्यासारख्यांना चार अक्षरांची ओळख झाली. तेव्हा समीक्षकाची भाषा आमच्यापाशी नाही. कष्टकरी माणसांनी जे मत सांगितले ते ऐकून घ्यावे आणि त्याचा हिशेब आपणापुढे मांडावा, एवढाच आमचा इरादा आहे.

चित्रपट हिंदी आहे. नाव 'जाने भी दो यारों'. तो १९८३ साली प्रदर्शित झाला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले कुंदन शाह यांचा हा पहिला चित्रपट. पैसा राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा, आणि तोही सुमारे सात लाख रुपये. म्हणजे मुंबईच्या हिशेबात चणेफुटाणेच. कथा अशी : विनोद आणि सुधीर हे दोन गरीब छायाचित्रकार दुकान थाटतात. एका बागेत काढलेले छायाचित्र मोठे करून पाहतात, तो त्यात खून होताना दिसतो. खून झालेला महानगरपालिकेचा आयुक्त डिमेलो. खून करणारा बांधकामाचा धनी तरनेजा. इकडे डिमेलोच्याच नावाने बांधलेला पूल कोसळतो. पुरावा म्हणून डिमेलोचे प्रेत हाती लागते, हरवते, पुन्हा लागते. त्या प्रेताची पळवापळवी होते, आणि शेवटी ते महाभारताच्या नाटकात द्रौपदी होऊन उभे राहते! सगळे प्रेक्षागृह पोट धरधरून हसते. आणि मग? तरनेजा, त्याचा प्रतिस्पर्धी अहुजा, नवा आयुक्त आणि सत्याचा डंका पिटणारी संपादिका या सर्वांचा आपसात सौदा जुळतो. पूल पाडल्याचा आळ त्या दोन पोरांवर येतो. कैद्याच्या वेषात ती दोघे मुंबईच्या रस्त्यावरून चालत येतात आणि आपल्याकडे वळून गळ्यावरून बोट फिरवतात. खेळ संपला.

हा काळ कोणता, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. सिमेंटवर तेव्हा सरकारी नियंत्रण होते. सिमेंटवाटपाच्या प्रकरणात उच्च न्यायालयाचा निर्णय विरुद्ध गेला आणि मुख्यमंत्री अंतुले यांना जानेवारी १९८२ मध्ये राजीनामा द्यावा लागला. त्यानंतर दीड वर्षाने हा चित्रपट आला. प्रेक्षकाला तरनेजा कोण आणि डिमेलो कोण, हे समजावून सांगावे लागत नव्हते.

प्रथम प्रदर्शनाच्या वेळी त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही. पुढे दूरदर्शनने तो घरोघर नेला. २०१२ साली त्याची दुरुस्त केलेली प्रत पुन्हा चित्रपटगृहांत लागली. या चित्रपटासाठी शासनाने कुंदन शाहांना पहिल्या चित्रपटाच्या दिग्दर्शनाचे राष्ट्रीय पारितोषिक दिले होते. २०१५ साली, अनेक कलावंत निषेधाने पारितोषिके परत करीत होते तेव्हा, त्यांनी ते परत केले. २०१७ साली ते वारले. असो.

गेल्या हिवाळ्यात आम्ही हा चित्रपट आमच्या संघटनेच्या कार्यालयात, भिंतीवर धोतराचे पान ताणून, सभासदांना दाखविला. गवंडी आले, बिगारी आले, एस. टी.चे चालक-वाहक, अंगणवाडीच्या सेविका, नगरपरिषदेचे सफाई कामगार आले. सभासदांची कॉलेजात जाणारी मुलेही आली. खेळ संपल्यावर आम्ही दिवे लावले, चहा फिरवला आणि म्हणालो, "आता एकेकाने बोला." त्या रात्री दीड वाजेपर्यंत कोणी घरी गेले नाही.

पहिली बोलली कॉलेजातली मुलगी. ती म्हणाली, "भाऊ, एवढं हसले की गाल दुखले. पण घरी जाताना मी काय आठवणार? तो पूलच आठवणार. भाषण असतं तर पहिल्या दहा मिनिटांत उठून गेले असते." कडू औषध गुळातून द्यावे तसे हे झाले, असा तिचा अभिप्राय.

दुसरे उठले सेवानिवृत्त एस. टी. चालक. ते म्हणाले, "मला हसू आलं नाही. आम्ही पुलावर गाडी घालतो तेव्हा पुलाचा कागद बघत नाही. मागं पन्नास माणसं डोळे मिटून बसलेली असतात, ती आमच्या भरवशावर. आणि आम्ही पुलाच्या भरवशावर." २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिश अमदानीतला जुना पूल पुरात गेला, आणि त्यावरच्या दोन एस. टी. गाड्या प्रवाशांसकट नदीत गेल्या. त्या चालकांचे भाऊबंद आमच्यासमोर बसले होते. अशा माणसाला पूल पडण्यातला विनोद कसा सांगावा?

तिसरे मत अंगणवाडीच्या ताईंचे. त्यांना सर्वांत जास्त डाचली ती संपादिका. ते काम भक्ती बर्वे यांनी केले आहे. मराठी रंगभूमीने ज्यांना 'ती फुलराणी' म्हणून डोक्यावर घेतले त्याच त्या. ताई म्हणाल्या, "बिल्डर चोर आहे हे पहिल्यापासून माहीत होतं, त्याचा राग येत नाही. पण ही बाई आपली वाटली होती. तिनं त्या पोरांना वापरलं आणि भाव ठरवायला जाऊन बसली." आमच्या ताईंना पुढाऱ्यांचा अनुभव दांडगा आहे, एवढेच आम्ही म्हणतो.

चौथा एक तरुण बिगारी. तो सरळ म्हणाला, "पापी सुटले, पोरं अडकली. मग बघायचं कशाला? हे तर आमी रोज बघतोच की."

आणि शेवटी उठले एक वृद्ध मिस्त्री, लोहारा भागातले. ते उठले तेव्हा सगळे गप्प झाले, कारण त्यांचे घर सर्वांना ठाऊक होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते, तेव्हा धरणी हादरली. लातूर आणि आमचा जिल्हा, दोहोंत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. त्यांत मिस्त्रींच्या घरची तीन. ते म्हणाले, "मढ्याला साडी नेसवून हसायचं, हे मला पटलं न्हाई. मी हातानं ढिगारा उपसलाय. मढं जड असतंय. आन् दुसरं इचारतो : पुलाखाली कोण व्हतं? पडद्यावर सायेब दिसला, बिल्डर दिसला, फोटोवाले दिसले. पुलाखालचा माणूस कुटं हाय?"

बंधुभगिनींनो, या पाच मतांतले कोणते बरोबर, असे कोणी विचारील. आम्हाला असे वाटते की, ही पाचही मते एकाच प्रश्नाची पाच टोके आहेत : अन्यायावर हसल्याने अन्याय हलका होतो की उघडा पडतो?

आपल्या मातीची साक्ष काढा. एकनाथांनी भारुडात सोंगे आणली. तमाशाच्या वगातला सोंगाड्या राजाला भर दरबारात चिमटे काढतो, आणि ते ऐकायला समोर पाटील बसलेला असतो. आचार्य अत्र्यांनी १९६२ साली 'तो मी नव्हेच' रंगभूमीवर आणले. त्यातला लखोबा लोखंडे बायकांची आयुष्ये धुळीला मिळवतो, आणि तरी लोक हसत होते. ते फसलेल्या बायकांना हसत नव्हते. लखोबाच्या बेरडपणाला, आणि तो पचवणाऱ्या आपल्याच भोळेपणाला हसत होते. तेव्हा हसणे वाईट की चांगले, हा प्रश्नच अपुरा आहे. कोण कोणाला हसतो, हे पाहिले पाहिजे. वरच्याने खालच्याला हसणे ही टवाळी; खालच्याने वरच्याला हसणे हे त्याचे पहिले धैर्य होय. भीती वाटते तोवर माणूस हसू शकत नाही.

या दृष्टीने पाहिले तर डिमेलोचे प्रेत हे कोणा गरिबाचे प्रेत नव्हे. जिवंतपणी जो ठेक्यांचे सौदे करीत होता, मेल्यावर ज्याच्या नावाने पूल झाला, त्या खुर्चीचे ते प्रेत आहे. आंधळा धृतराष्ट्र सिंहासनावर बसून पुन्हा पुन्हा काय चालले आहे ते विचारतो आणि त्याला कोणी धड उत्तर देत नाही. तिथे आम्हाला कितीतरी कचेऱ्या आठवल्या. मुलीचे हसणे आम्हाला मान्य आहे ते एवढ्यासाठी.

परंतु मिस्त्रींचा दुसरा प्रश्न या उत्तराने मिटत नाही. पुलाखालचा माणूस कुठे आहे? आणि आम्ही त्याला आणखी एक जोड देतो : पूल बांधणारा माणूस कुठे आहे? मालात सिमेंट कमी पडते आहे, हे सर्वांआधी कोणाला कळते? अभियंत्याला नव्हे, आयुक्ताला नव्हे, छायाचित्रकाराला तर मुळीच नव्हे. ते कळते माल कालवणाऱ्या बिगाऱ्याला. कागदावर सहाला एक असते. घमेल्यात दहाला एक पडते. थापीखाली माल कसा बसतो, यावरून मिस्त्री डोळे झाकून सांगतो. किल्लारीच्या भूकंपात दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती का कोसळल्या? भिंतीच्या दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे आरपार दगड त्यांत नव्हते आणि डोक्यावर मातीच्या माळवदाचे ओझे होते. हे पुढे तज्ज्ञांनी लिहिले. हाताने भिंत रचणाऱ्याला ते वाचल्याबरोबर पटते. ज्ञान हाताशी आहे. मग हात बोलत का नाही?

याचे उत्तर आमच्याच एका सभासदाने त्या रात्री दिले. काही वर्षांपूर्वी एका मोरीच्या कामावर तो म्हणाला होता, "मालक, माल हलका हाय." दुसऱ्या दिवशी त्याला कामावरून घालवले, आठवड्याची मजुरीही बुडाली. त्या ठेकेदाराचे नाव येथे सांगण्यात अर्थ नाही. त्याच्या जागी दुसरा असता तरी त्याने तेच केले असते. बाकीचे अकरा जण खाली मान घालून पाट्या वाहत राहिले. त्यांना दोष देऊ नका. त्यांच्याही चुली होत्या.

आता चित्रपटाचा शेवट पुन्हा पाहा. आमचा तरुण बिगारी म्हणतो की, तो निराशेचा आहे. आम्ही म्हणतो, तो हिशेबाला धरून आहे. त्या दोघांपाशी काय नव्हते? प्रामाणिकपणा होता, हिंमत होती, छायाचित्र होते, प्रत्यक्ष प्रेत होते. नव्हते एवढेच की, त्यांच्या पाठीशी तिसरा माणूस नव्हता. पुराव्याला पाय नसतात. त्याला माणसांनी उचलून न्यावे लागते. समोरचे चौघे एकमेकांचे वैरी. तरी वेळ येताच एक झाले. चोरांची संघटना दहा मिनिटांत झाली, आणि सज्जन दोघेच राहिले!

त्या दोघांच्या तोंडी एक गाणे आहे. आपण सर्वांनी ते शाळेत म्हटलेले आहे. शेवटी तेच गाणे वाजते तेव्हा ते थट्टेसारखे वाटते, असे पुष्कळ प्रेक्षक म्हणतात. त्या गाण्याचा जन्म पाहा. अमेरिकेत साउथ कॅरोलिना राज्यातल्या चार्ल्स्टन गावी तंबाखूच्या कारखान्यात १९४५-४६ साली संप झाला. संपकऱ्यांत बहुसंख्य काळ्या बायका. थंडीपावसात दाराशी पहारा देताना त्या एक जुने भजन गात. तेथून ते कामगारांच्या शिक्षणवर्गांत गेले, पुढे काळ्या लोकांच्या हक्कांच्या लढ्यात जगभर झाले. गिरिजाकुमार माथूर यांनी ते हिंदीत आणले. म्हणजे हे गाणे जन्मले पहाऱ्यावर, महिनोन्महिने दाराशी ठाण मांडलेल्या बायकांच्या कंठातून. ते दोघांनीच गायिले की केविलवाणे वाटते, यात गाण्याचा काय दोष? दोष संख्येचा आहे.

'मग शेवट गोड का केला नाही?' असे कोणी म्हणेल. समजा, पोलीस वेळेवर आले असते, तरनेजा तुरुंगात गेला असता. आपण समाधानाने घरी जाऊन झोपलो असतो. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी गुजरातमध्ये मोरबीचा झुलता पूल तुटून १३५ माणसे गेली. अशी बातमी आली की आपण चार दिवस हळहळतो, आणि म्हणतो, जाऊ द्या. चित्रपटाच्या नावाचा अर्थही तोच! गळ्यावरून फिरणारे ते बोट तरनेजाकडे नाही, खुर्चीत बसलेल्या तुमच्या-आमच्याकडे वळलेले आहे.

त्या रात्री सभा संपताना मिस्त्रींनीच एक सूचना मांडली. ती अशी की, आमच्या सभासदांचे काम जेथे चालू असेल तेथे रोज किती पोती फुटली याची नोंद एका साध्या वहीत ठेवावी, वहीवर एकाची नव्हे, सगळ्या गँगची सही किंवा अंगठा असावा, आणि ती वही कार्यालयात जमा व्हावी. सूचना एकमताने मंजूर झाली. आज अशा तीन वह्या आमच्या कपाटात आहेत. एका कामावर गेल्या महिन्यात मालकाने वही पाहून एकाला काढतो म्हटले. तेव्हा चौदा जणांनी थाप्या खाली ठेवल्या. दुपारपर्यंत वाटाघाट झाली, त्या माणसाला परत घेतले, आणि दुसऱ्या दिवसापासून पोती वाढली. हा काही मोठा विजय नव्हे. एक लहानशी मोरी आहे ती. परंतु तिच्यावरून शाळेची पोरे जाणार आहेत.

तेव्हा आपणास आमची विनंती एवढीच : हा चित्रपट अवश्य पाहा, मनसोक्त हसा, पण एकट्याने पाहू नका. दहाजणांना घेऊन पाहा, आणि नंतर दिवा लावून एकेकाला बोलते करा. मिस्त्रीबाबांसारखा कोणी रागावला तर त्याचे आधी ऐका. चित्रपटात जो माणूस राहून गेला, तो आपल्याशेजारीच बसलेला असतो.